रंगाचे विष आणि विषाचे माप

बंगळूर शहरातील कोणत्याही पेठेत दिवेलागणीच्या सुमारास फेरफटका मारला, तर चौकाचौकांत हातगाड्यांभोवती माणसांचे कोंडाळे दिसते. मोठ्या कढईत फुलकोबीचे तुकडे तळले जात असतात आणि मग लालभडक रश्शात घोळून ते कागदी बशीतून गिऱ्हाइकाच्या हाती पडतात. या पदार्थाला गोबी मंचुरियन म्हणतात. मंचुरियाशी त्याचा काही संबंध नाही. मुंबईतील चिनी पद्धतीच्या उपाहारगृहांत १९७० नंतरच्या दशकात 'मंचुरियन' या नावाचा जो प्रकार रूढ झाला, त्याचा हा शाकाहारी अवतार. पण बंगळूरने त्याला असे काही आपलेसे केले आहे, की शाळेतून परतणारी मुले आणि कचेरीतून परतणारे कारकून एकाच गाडीसमोर सारख्याच आतुरतेने उभे असतात.

या लाल रंगावर ११ मार्च २०२४ रोजी कर्नाटक शासनाने बोट ठेवले. अन्नसुरक्षा विभागाने राज्यभरातून गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले होते. त्यांपैकी १०७ नमुन्यांत असुरक्षित ठरणारे कृत्रिम रंग सापडले. ज्याला आपण 'म्हातारीचे केस' म्हणतो, त्या साखरेच्या गुलाबी कापसाचे २५ नमुने घेतले. त्यांपैकी १५ सदोष निघाले. सापडलेल्या रंगांत टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन हे होते आणि ऱ्होडामिन-बी हाही होता. आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव यांनी या पदार्थांतील कृत्रिम रंगांवर बंदी जाहीर केली. तामिळनाडूने आणि पुदुच्चेरीने त्याआधीच्या महिन्यात असेच पाऊल उचलले होते. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने वर्षाच्या आरंभीच गोबी मंचुरियनच्या गाड्यांना मज्जाव केला होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कर्नाटकात कबाबांचा रंगही बंद झाला. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले आणि 'कर्करोग' हा शब्द घरोघर पोहोचला.

हा शब्द माझ्याही दारी आला, तो असा. चिकपेठेच्या मागील एका गल्लीत माझ्या परिचयाचे एक भावसार कुटुंब राहते. चार पिढ्या बंगळुरात गेल्या. बाहेर कन्नड, घरात कानडी वळणाची मराठी. देवघरात हिंगलाज माता आणि व्यवसाय रंगाऱ्याचा. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, हे त्यांना ठाऊक. घरातील सूनबाई वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "काका, आमचा धाकटा तीन वर्षं दर शनिवारी गोबी खातोय. आता त्याला काही होईल का हो?" प्रश्न एका आईचा होता, त्याला शास्त्रज्ञाचे मोघम उत्तर चालणारे नव्हते आणि खोटा दिलासाही चालणारा नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत मी जो विचार केला, तो आज आपणापुढे मांडणार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. इ. स. १८०० मध्ये फ्रान्सिस बुकॅनन हा इंग्रज कंपनीचा वैद्य म्हैसूर प्रांतात हिंडत होता. बंगळूरच्या विणकरांची व रंगाऱ्यांची कामे त्याने बारकाईने टिपून ठेवली. त्या काळी रंग म्हणजे नीळ, लाख, आळीची मुळे, हळद, हिरडा. पळसाचा केशरी, कुसुंब्याचा गुलाबी आणि मंजिष्ठेचा तांबडा हे रंगही आपल्याकडे घरोघर माहीत होते. तुरटीच्या पाण्यात कापड भिजवावे, उकळावे, वाळवावे, पुन्हा भिजवावे. असा आठआठ दिवसांचा तो व्यवहार असे. मग १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने बनविण्याची खटपट करीत असता, त्याच्या हाती क्विनीनऐवजी एक जांभळा रंग लागला. तो कोळशाच्या डांबरापासून निघालेल्या ॲनिलीनचा होता. त्या एका अपघातातून एक नवा उद्योग जन्माला आला. १८९७ मध्ये जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहार-बंगालमधील निळीचा व्यापार पाहता पाहता ओसरला. आठ दिवसांचे काम आता एका दुपारी होऊ लागले. आपल्या रंगाऱ्यांनीही विलायती पुड्या घरात आणल्या. त्यांना दोष कोण देईल? रंग स्वस्त होता, झळझळीत होता आणि पक्का होता.

या नव्या उद्योगाची दुसरी बाजू उघडकीस यायला चाळीस वर्षे लागली. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी एक छोटासा निबंध वाचला. फुक्सीन नावाचा किरमिजी रंग बनविणाऱ्या एका कारखान्यातील पंचेचाळीस कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे त्यांना आढळले होते. मूत्राशयाचा कर्करोग त्या काळी दुर्मिळ. एकाच छपराखाली तीन रोगी सापडावेत, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हता. पण मूळ दोषी कोण, हे ठरायला आणखी अर्धे शतक जावे लागले. उंदरांवर व सशांवर प्रयोग झाले. निष्पन्न काही होईना. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी कुत्र्यांना दीर्घकाळ बीटा-नॅफ्थिलअमाइन हे द्रव्य दिले, तेव्हा कुत्र्यांच्या मूत्राशयात अर्बुदे उठली. इंग्लंडमध्ये डॉ. केस यांनी रंगउद्योगातील हजारो कामगारांच्या नोंदी चाळल्या आणि १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडीन यांच्या सान्निध्यात वावरलेल्या कामगारांत हा रोग कित्येक पटींनी अधिक होता. बीटा-नॅफ्थिलअमाइनचे ऊर्ध्वपातन करणाऱ्या एका छोट्या तुकडीतील तर एकही माणूस सुटला नव्हता. रोग प्रकट होण्यास वीस-वीस, तीस-तीस वर्षे लागत. कामगार कारखाना सोडून गावी जाई, म्हातारा होई आणि मग मूत्रातून रक्त जाऊ लागे. कारखान्याच्या हजेरीपटावर तोवर त्याचे नावही नसे.

विज्ञान आपला निकाल कसा बदलते, याचेही एक उदाहरण येथेच सापडते. या रोगाला पूर्वी 'ॲनिलीन कर्करोग' म्हणत. डॉ. केस यांच्या चौकशीत ॲनिलीनविरुद्ध पुरावा मिळाला नाही, म्हणून ते निर्दोष ठरल्यासारखे झाले. परंतु ल्याँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२० मध्ये सर्व पुरावा पुन्हा तपासला आणि ॲनिलीनला 'बहुधा कर्करोगजनक' अशा वर्गात बसविले. पुराव्याअभावी सुटलेला आरोपी निर्दोष असतोच असे नाही, हे आपण न्यायालयाच्या बाबतीत जाणतो. रसायनांच्या बाबतीतही ते लक्षात ठेवले पाहिजे.

आता आपण कारखान्यातील द्रव्यांकडून तयार रंगाकडे वळू. रंग ज्या द्रव्यांपासून बनतो ती विषारी असली, तरी तयार रंगही विषारी असतोच काय? याचे उत्तर रंगाच्या घडणीवर अवलंबून आहे. आज वापरात असलेल्या कृत्रिम रंगांतील फार मोठा गट 'अ‍ॅझो' रंगांचा आहे. नत्राचे दोन अणू परस्परांना जखडून त्यांच्या दोन बाजूंना दोन रेणुखंड जोडलेले असतात. या जोडणीमुळेच रंग दिसतो. आपल्या आतड्यांतील जंतू आणि यकृतातील पाचकद्रव्ये ही जोडणी तोडू शकतात. ती तुटली, की दोन अमाइने मोकळी होतात. मोकळे झालेले अमाइन बेंझिडीन असेल, तर रंग खाणे आणि बेंझिडीन खाणे यांत फारसा भेद उरत नाही. हे निव्वळ तर्कशास्त्र नव्हे. अहमदाबादच्या कारखान्यांतील कामगारांची तपासणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील काही कामगार प्रत्यक्ष बेंझिडीन हाताळीत, तर काही जण केवळ बेंझिडीनपासून बनविलेले रंग हाताळीत. या दुसऱ्या गटाच्याही मूत्रात बेंझिडीनचे अवशेष सापडले आणि मूत्रमार्गातून निघालेल्या पेशींच्या आनुवंशिक द्रव्याला ते चिकटलेले आढळले. म्हणूनच शरीरात बेंझिडीन सोडणारे सर्व रंग आज मानवी कर्करोगाच्या सिद्ध कारणांत गणले जातात. जर्मनीने १९९४ मध्ये घातक अमाइने सोडणाऱ्या रंगांना कपड्यांतून हद्दपार केले. आपल्या निर्यात होणाऱ्या कापडाची मग परदेशी बंदरांत तपासणी होऊ लागली आणि त्याच दशकात आपल्या सरकारनेही अशा शंभरांहून अधिक रंगांवर बंदी घातली.

अन्नातील रंगांचाही असाच एक धडा आहे. लोण्याला पिवळेपणा यावा म्हणून वापरला जाणारा एक तेलात विरघळणारा रंग होता. त्याला नावच 'बटर यलो' पडले होते. १९३० नंतरच्या दशकात जपानी संशोधकांनी तो उंदरांना खाऊ घातला, तेव्हा उंदरांच्या यकृतात कर्करोग उत्पन्न झाला. रंगशास्त्रज्ञांकडे यावर एक उपाय आहे. रंगाच्या दोन्ही खंडांना गंधकाम्लाचा एकेक गट जोडून द्यावयाचा. असा रंग पाण्यात विरघळतो, आतड्यांतून फारसा शोषला जात नाही आणि तुटला तरी त्याचे दोन्ही तुकडे पाण्याबरोबर वाहून जातात. टार्ट्राझिन आणि सनसेट यलो हे रंग अशा घडणीचे आहेत. याउलट आपल्या हळदीत, बेसनात आणि मिठाईत लबाडीने मिसळला जाणारा मेटॅनिल यलो पाहा. त्याच्या एका तुकड्याला हा गट आहे, दुसऱ्याला नाही. लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संस्थेने या रंगाच्या दुष्परिणामांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तो खाद्यरंगांच्या यादीत कधीच नव्हता, तरी तो स्वयंपाकघरात पोहोचतोच.

रंगाऱ्याच्या आणि आचाऱ्याच्या अपेक्षा किती विरुद्ध आहेत पाहा. रंगाऱ्याला रंग पक्का हवा. धुतला तरी न जाणारा, कापडाला घट्ट धरून बसणारा. शरीराला मात्र रंग कच्चा हवा. आला तसा निघून जाणारा. कापडाचा रंग अन्नात घालणे ही केवळ भेसळ नव्हे. एका कामासाठी घडविलेली वस्तू नेमक्या उलट कामाला लावणे होय.

येथे एक कळीचा भेद सांगितला पाहिजे. एखादे द्रव्य घातक असू शकते, हा एक प्रश्न. आणि ते मला किती अपाय करील, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर द्रव्याच्या स्वभावात आहे, दुसऱ्याचे मात्रेत. वाघ हिंस्र आहे खरा, पण पिंजऱ्यातील वाघ आणि अंगणातील वाघ यांत अंतर आहे. मात्रेचे माप असे ठरते. प्राण्यांना वेगवेगळ्या मात्रांत रंग आयुष्यभर खाऊ घालतात. ज्या मात्रेला काहीही अपाय दिसत नाही, ती नोंदवितात आणि सामान्यतः तिला शंभरांनी भागतात. माणूस उंदरापेक्षा नाजूक असेल म्हणून दहा आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून आणखी दहा. जो आकडा उरतो, तो एका माणसाने आयुष्यभर दररोज घेतला तरी चालेल, अशी मर्यादा समजली जाते. शरीराच्या दर किलोग्रॅममागे सनसेट यलोची ही मर्यादा ४ मिलिग्रॅम आहे, टार्ट्राझिनची १० आणि एरिथ्रोसिनची केवळ ०.१. म्हणजे पंधरा किलो वजनाच्या मुलाला सनसेट यलोचे दिवसाकाठी ६० मिलिग्रॅम. आपल्या कायद्याने आठ कृत्रिम रंगांना ठरावीक पदार्थांत मुभा दिली आहे आणि बहुतेक ठिकाणी प्रमाण किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत ठेवले आहे. त्या प्रमाणात रंगविलेला पदार्थ त्या मुलाने रोज ६०० ग्रॅम खाल्ला, तर तो मर्यादेला पोहोचेल. हिशेब दिलासा देणारा आहे. पण तो केव्हा खरा? रंग शुद्ध असेल आणि मोजून घातला असेल तेव्हा. हातगाडीवर रंग चिमटीने पडतो. शिवाय तळलेल्या कोबीत, कबाबात किंवा घरगुती स्वयंपाकाच्या पदार्थात या आठांपैकी एकाही रंगाला परवानगी नाही. बंगळूरच्या नमुन्यांत जे रंग सापडले, त्यांतील कित्येक अनुमत यादीतलेच होते. ते चुकीच्या जागी होते.

आणि ऱ्होडामिन-बी? तो त्या यादीत कोठेच नाही. तो अ‍ॅझो जातीचाही नाही. रेशीम, कागद आणि शाई यांचा हा रंग अतिनील प्रकाशात झगझगीत चमकतो. सर्व मथळ्यांनी त्याला 'कर्करोगजनक' म्हटले. पण ल्याँच्या संस्थेच्या नोंदीत तो तिसऱ्या वर्गात आहे. या वर्गाचा अर्थ 'माणसात कर्करोग करतो किंवा नाही हे उपलब्ध पुराव्यावरून ठरविता येत नाही' एवढाच. जपानमधील जुन्या प्रयोगांत तो उंदरांच्या कातडीखाली टोचला असता टोचल्या जागी अर्बुदे झाली होती. परंतु टोचणे वेगळे, खाणे वेगळे. आणि माणसांवरील नोंदी तर नाहीतच.

मग बंदी चुकीची होती काय? मुळीच नाही. बंदीचे समर्थन मात्र वेगळ्या शब्दांत करावयास हवे होते. खाद्यरंगाच्या बाबतीत पुराव्याचे ओझे रंग विकणाऱ्यावर आहे, खाणाऱ्यावर नव्हे. ज्याची निर्धोकता सिद्ध झालेली नाही, तो ताटात येताच कामा नये. मग त्याने कर्करोग होतो हे सिद्ध होवो वा न होवो. शिवाय कापडाच्या रंगाच्या पुडीत दुसरी कोणती द्रव्ये राहून गेली आहेत, याची हमी कोणी देत नाही. हे एवढे खरे कारण पुरेसे भक्कम आहे. त्याला अतिशयोक्तीचा टेकू दिला, की उद्या कोणी तो टेकू काढून घेतो आणि मग लोक म्हणतात, 'पाहा, उगीच घाबरविले.' खऱ्या गोष्टीची बाजू खोट्या साक्षीदाराने मांडू नये.

अमेरिकेतही हा वाद अलीकडेच रंगला. तेथील १९५८ सालच्या डेलनी कलमाचे तत्त्व असे, की जे द्रव्य प्राण्यात वा माणसात कर्करोग करते, ते कितीही अल्प प्रमाणात असले तरी अन्नात मिसळता येणार नाही. एरिथ्रोसिनने नर उंदरांच्या गलग्रंथीत अर्बुदे होतात, हे अनेक वर्षांपूर्वी दिसले होते. जानेवारी २०२५ मध्ये तेथील अन्नप्रशासनाने या कलमाखाली त्याची परवानगी काढून घेतली आणि त्याच वेळी हेही सांगितले, की उंदरांत ज्या मार्गाने हा परिणाम होतो तो माणसात घडत नाही. कोणी याला अतिरेक म्हणेल, कोणी सावधपणा. मला एवढेच दिसते, की रंगाने अन्नाचे पोषण तिळभरही वाढत नाही. ज्या वस्तूचा लाभ शून्य, तिच्यासाठी थोडाही धोका का पत्करावा, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही.

याला जोडून दोन भ्रम दूर केले पाहिजेत. वनस्पतीचा रंग म्हणजे निर्धोक, हा पहिला भ्रम. मंजिष्ठेच्या कुळातील युरोपीय झाडाच्या मुळ्यांनीही उंदरांत अर्बुदे झाल्याचे प्रयोग आहेत. निसर्गाचे प्रमाणपत्र तपासणीवाचून ग्राह्य धरू नये. दुसरा भ्रम अधिक खोल आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाचे आज सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर हे आहे. आणि त्या धुरात बीटा-नॅफ्थिलअमाइन प्रत्यक्ष असते! रंगाच्या कारखान्यांतून ज्याला हाकलण्यासाठी अर्धे शतक झगडावे लागले, ते द्रव्य माणूस पैसे देऊन विकत घेतो आणि छातीत भरतो. मुलाच्या हातातून गोबीची बशी हिसकावणारे वडील दुसऱ्या हातात सिगारेट धरून असतात, हे दृश्य मी पाहिले आहे.

आता त्या सूनबाईंकडे परत येतो. मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितले, "मुलाची चिंता करीत रात्री जागू नका. शनिवारच्या बशीने त्याला रोग होईल असे म्हणायला आधार नाही. मात्र यापुढे लालभडक पाहून पाय थांबू देऊ नका. कोबी तिच्या स्वतःच्या रंगाची असली तरी तितकीच चवदार लागते." त्या हसल्या. त्यांचे सासरे ओसरीवर बसले होते. वय पंचाहत्तरीच्या घरात. नखांच्या कडांत अजून निळी रेघ. ते आमचे बोलणे ऐकत होते. म्हणाले, "मास्तर, पोरानं बशीभर खाल्लं तर एवढी चौकशी. मी पन्नास वर्षं कोपरापर्यंत त्यातच हात घातले. पुडीचा भुगा नाकात जायचा, थुंकी निळी यायची. आम्हाला कोणी विचारलं नाही." मग जरा थांबून, सहज सांगावे तसे म्हणाले, "हल्ली लघवीला लाल होतं मधूनमधून. दुखत नाही काही. उष्णता झाली असंल." सूनबाईंना हे ठाऊक नव्हते. "मामंजी, तुम्ही बोलला का नाहीत?" एवढेच त्या म्हणाल्या.

न दुखता मूत्रातून रक्त जाणे ही या रोगाची पहिली खूण असते, हे मी वाचलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना तपासणीला नेले. गाठ निघाली, सुदैवाने ती वरवरची होती, दुर्बिणीतून काढता आली आणि आता दर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी चालू असते. ही गाठ रंगाने झाली, की तरुणपणी ओढलेल्या विड्यांनी, हे मी आपणास सांगू शकत नाही. कोणताही वैद्य एका रोग्यापुरते ते सांगू शकत नाही. कारण कर्करोगावर कारणाचा शिक्का उमटलेला नसतो. समूहाच्या नोंदी असतील तरच कारण दिसते. रेन यांना ते दिसले, कारण पंचेचाळीस माणसे एका कारखान्यात मोजता येत होती. गल्लीबोळांतील रंगाऱ्यांची, केस रंगविणाऱ्या नाभिकांची, रंगाच्या टाक्या खरवडणाऱ्या रोजंदारांची मोजदाद कोण करतो? नाभिकांचा व्यवसाय ल्याँच्या संस्थेने 'बहुधा कर्करोगजनक' म्हणून नोंदविला आहे. बंगळुरात १९८० नंतरच्या दशकापासून किडवाई संस्थेत कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते, ही मोलाची गोष्ट आहे. पण नोंदवहीत रोग्याचा धंदा भरावयाचा, तर आधी वैद्याने तो विचारला पाहिजे. आमच्या रंगारीमामांना दवाखान्यात वय विचारले, जात्या सवयी विचारल्या, मधुमेह विचारला. धंदा कोणी विचारला नाही. तो मी सांगितला.

श्रोतेहो, मला जे सांगावयाचे आहे ते आता थोडक्यात सांगतो. घरच्या घरी आपण काही पारख करू शकतो. नाचणी हे कर्नाटकाचे मुख्य धान्य. तिला लाली आणण्यासाठी ऱ्होडामिन-बी चोळण्याचे प्रकार होतात. पाण्यात किंवा तेलात भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने नाचणी पुसावी. बोळा लाल झाला तर ती रंगविलेली समजावी. हळदीच्या पाण्यात सौम्य केलेल्या मिठाच्या आम्लाचे काही थेंब टाकून लालसर जांभळा रंग आला आणि पाणी घालूनही तो टिकला, तर मेटॅनिल यलोचा संशय घ्यावा. हे आम्ल जपून हाताळावे. मुलांच्या हाती देऊ नये. हे झाले घरापुरते. ज्यांच्या घरी रंगाचा धंदा आहे, त्यांनी हातमोजे व नाकावर फडके यांस कमीपणा मानू नये, रंगाची पुडी कोरडी उधळू नये, हात न धुता जेवू नये आणि मूत्रात एकदाही लाल दिसले, तर ते उष्णतेवर न घालविता त्याच आठवड्यात वैद्य गाठावा. आणि जे रंगीत पाणी आपण गटारात सोडतो, ते बंगळुरात वृषभावतीसारख्या नद्यांतून पुढे कोणाच्या तरी शेतात जाते, हेही विसरू नये.

इटलीतील बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारण्याची प्राचीन परंपरा आहे, त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असे त्याने वैद्यांना सुचविले: तुझा धंदा कोणता? तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न आपल्याकडे पुरेसा विचारला जात नाही. ताटातील रंगाची चौकशी आपण करू लागलो, हे उत्तमच झाले. आता ज्याच्या हातांनी तो रंग कापडावर चढतो, त्याचीही तितक्याच आस्थेने चौकशी करू या. आमचे रंगारीमामा आता ओसरीवर बसून नातवाला नीळ कशी भिजवीत ते सांगतात. नातू शनिवारी गोबी मागतो. सूनबाई ती घरीच करतात. तिचा रंग तपकिरी असतो आणि बशी रिकामी व्हायला वेळ लागत नाही.